डिजिटल कारभारामुळे एवढी प्रगती होत असताना काही लोक प्रत्येक गोष्टीवर शंका का घेतात?

दलाल हटले, पैसे थेट खात्यात जमा होतात, सातबारा मोबाइलवर मिळतो, तरी काही जणांना प्रत्येक नव्या ॲपमध्ये खोट दिसते, ही नकारात्मक वृत्ती नाही का, असं तुम्ही विचारलंय. त्या शंका घेणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जे मिळालं ते आधी मान्य करतो. तलाठी भाऊसाहेब सजेवर कधी येतील याची वाट बघत अख्खा दिवस घालवणारी माणसं मी पाहिली आहेत. आज १५ रुपयांत डिजिटल सहीचा उतारा निघतो. ही खरी सुधारणा आहे आणि तिच्यावर मी शंका घेत नाही. माझा आक्षेप एकाच ठिकाणी आहे. यंत्र ‘नाही’ म्हणालं की त्या ‘नाही’ला जबाबदार कोण, हे सांगायला कुणीच पुढे येत नाही.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. लोकांचे अर्ज लिहून देतो, त्यांच्याबरोबर तहसीलला जातो. रेशन दुकानातलं चित्र सांगतो, कारण शंका तिथूनच सुरू होते. हयातभर कांदा साठवायच्या चाळीत कांदा निवडलेल्या एक आजी आहेत. त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्यात. ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवला की उठत नाही. दुकानदार ओल्या फडक्याने बोट पुसतो, मग केसांवर घासायला सांगतो, मग दुसरं बोट, तिसरं बोट. मागची रांग कुरकुरायला लागते. शेवटी तो म्हणतो, “आजी, परवा या, सर्व्हरपण नीट नाही.” दुकानदार वाईट माणूस नाही. पावती निघाल्याशिवाय धान्य दिलं तर महिनाअखेरीला त्याचा साठा जुळत नाही आणि कारवाई त्याच्यावर होते. ओटीपीचा पर्याय आहे म्हणतात, पण आधारला जोडलेला नंबर पुतण्याचा आणि तो कधीचाच बंद. नंबर बदलायला आधार केंद्रावर जावं, तर तिथेही आधी यंत्रालाच ओळख पटवून द्यावी लागते. ५ किलो धान्यासाठी हे सगळं.

आता प्रश्न असा की या प्रकारात आजींना धान्य कोणी नाकारलं? दुकानदार म्हणतो मशीनने. पुरवठा शाखा म्हणते सर्व्हर वरून चालतो. पूर्वी धान्य नाकारणारा माणूस समोर असायचा. त्याच्याशी भांडता यायचं, त्याची तक्रार करता यायची, चार माणसं नेऊन जाब विचारता यायचा. तो लाचही खायचा, हे मी लपवत नाही. पण तो नाव असलेला माणूस होता.

“अशी उदाहरणं तुरळक असतात” हे उत्तर मला नेहमी मिळतं. म्हणून झारखंडकडे बघू. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथल्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची एक मुलगी गेली. आधारशी जोडलं नाही म्हणून तिच्या कुटुंबाचं रेशन बंद झालेलं होतं. घरचे म्हणाले, भूक. सरकार म्हणालं, मलेरिया. पुढच्याच महिन्यात केंद्राने राज्यांना कळवलं की केवळ आधार नाही म्हणून कुणाचं धान्य अडवू नका. म्हणजे अपवादाची सोय कागदावर आहेच. ती दुकानाच्या काउंटरपर्यंत पोहोचत नाही, कारण अपवाद करणाऱ्याला स्पष्टीकरण द्यावं लागतं आणि नाकारणाऱ्याला काहीच द्यावं लागत नाही.

कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थतज्ज्ञांनी झारखंडातल्या रेशनचा मोठा अभ्यास केला. अंगठ्याच्या सक्तीने गळती, म्हणजे वाटेतच होणारी चोरी, सरासरीने फारशी कमी झाली नाही, पण ज्यांची कार्डं आधारला जोडलेली नव्हती त्यांचं धान्य कमी झालं. सरकार ज्या रद्द कार्डांना ‘बोगस’ म्हणत होतं, त्यांतली जवळपास ८८ टक्के खऱ्या कुटुंबांची निघाली. याचं कारण समजायला अवघड नाही. अंगठा फक्त माणूस ओळखतो. दुकानदार ५ किलोची पावती काढून साडेचार किलो मोजत असेल, तर ते अंगठ्याला कळत नाही, आणि रेशनमधली चोरी बरीचशी मापातच होते.

गंमत वाटावी असा भाग नाही, पण विचार करावा असा नक्की आहे: याच तिघांनी त्याआधी आंध्र प्रदेशात रोजगार हमी आणि पेन्शनच्या स्मार्ट कार्डांचा अभ्यास केला होता. तिथेही बोटांचे ठसेच होते. तिथे मात्र मजुरी लवकर मिळू लागली आणि गळती घटली. फरक यंत्रात नव्हता. आंध्रात कार्ड नसलेल्याचे पैसे अडवले गेले नाहीत आणि भर लोकांना पैसे नीट मिळावेत यावर होता. झारखंडात भर सरकारचे पैसे वाचवण्यावर होता. म्हणजे एकच तंत्र दोन राज्यांत दोन तऱ्हांनी वागलं, कारण ते वापरणाऱ्यांचा हेतू वेगळा होता. म्हणून कुणी नवं ॲप आणलं की ते चालतं का, हे मी नंतर विचारतो. न चालल्यास भुर्दंड कोणावर, हे आधी विचारतो.

हे फक्त गरीब देशात होतं असंही समजू नका. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून फुजित्सू कंपनीची ‘होरायझन’ प्रणाली आणली. छोटी पोस्ट ऑफिसं चालवणाऱ्यांच्या हिशेबात नसलेली तूट दिसायला लागली. ते ओरडून सांगत होते की पैसे आम्ही घेतले नाहीत, पण न्यायालयात संगणकाचा आकडा ग्राह्य धरला गेला. ९००हून अधिक लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. संसदेला २०२४ मध्ये खास कायदा करून त्या शिक्षा पुसाव्या लागल्या. शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या, वकील करू शकणाऱ्या माणसांची ही गत, तर आमच्या आजींनी कुणाकडे जायचं?

आता राजकारण. आधारचा पहिला नंबर २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच दिला गेला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधींच्या उपस्थितीत. ज्यांची कुठेच नोंद नाही त्यांना ओळख मिळेल आणि नंबर ऐच्छिक असेल, असं तेव्हा सांगितलं गेलं. गुजरातचे मुख्यमंत्री असताना नरेंद्र मोदींनी या योजनेवर जाहीर टीका केली. त्यांच्याच सरकारने २०१६ मध्ये आधार कायदा धन विधेयक म्हणून आणला, त्यामुळे राज्यसभेला तो बदलण्याचा अधिकारच राहिला नाही. दोन्ही पक्ष सत्तेत गेल्यावर एकाच वाटेने गेले, म्हणून मला कुठल्याही पक्षाचा विरोधक समजू नका.

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक मतांनी कायदा उचलून धरला. बँक खातं आणि मोबाइल सिमसाठीची सक्ती गेली. रेशन आणि सरकारी अनुदानासाठीची राहिली. या निकालाचा माझ्या मनावर फार खोल परिणाम झाला. खासगीपणाची चिंता करणाऱ्या मध्यमवर्गाला दिलासा मिळाला आणि ज्याचं पोट त्या अंगठ्यावर आहे त्याला मिळाला नाही. तुमच्या-माझ्यासारख्यांना डिजिटल कारभार सुखाचा वाटतो त्याचं एक कारण हेही आहे. आपल्यासाठी तो सोय आहे, त्यांच्यासाठी अट.

आणखी एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. १९९०च्या दशकात राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाया घेतल्या. कामाची मस्टर, म्हणजे मजुरांचे हजेरीपट, गावासमोर मोठ्याने वाचली जायची. मेलेल्या माणसाच्या नावाने हजेरी लागलेली असली की समोर बसलेला गाव लगेच सांगायचा. यंत्र नव्हतं, पण चोरी पकडली जायची, कारण सरकारचा कागद लोकांना दिसत होता. त्यातूनच माहिती अधिकाराची मागणी उभी राहिली. महाराष्ट्रात अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर २००२ चा कायदा झाला, मग २००५ चा केंद्रीय कायदा आला. २०१९ मध्ये राजस्थान सरकारने जन सूचना पोर्टल काढलं, त्यात गावातल्या रेशन दुकानाची, रोजगार हमीची माहिती अर्ज न करता बघता येते. हेही तंत्रज्ञानच आहे आणि मी त्याचा पक्का समर्थक आहे.

पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) बदललं. पूर्वी वैयक्तिक माहितीसुद्धा व्यापक जनहितासाठी देण्याची तरतूद त्या कलमातच होती, ती काढली. आता एखाद्या लाभार्थी यादीतली नावं मागितली तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारणं सोपं झालंय. सरकारला माझं बोट, माझा चेहरा, माझं खातं दिसतं. मला मात्र माझ्या गावाची यादी दिसेल की नाही, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. ही प्रगती कुणाची आहे, असं विचारणं मला नागरिक म्हणून कर्तव्य वाटतं.

तुम्हाला किंवा तुमच्या ओळखीत कुणाला अंगठा न उठल्यामुळे परत पाठवलं, तर एवढं करा. तोंडी भांडू नका. तारीख, दुकानाचा क्रमांक, किती वाजता गेलो, दुकानदार काय म्हणाला, हे साध्या कागदावर लिहून तहसीलच्या पुरवठा शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. “ऑनलाइन करा” म्हणाले तरी कार्यालयाच्या आवक-टपालाच्या टेबलावर अर्ज द्या. रेशन कार्डातलं नाव वाढवणं-कमी करणं असं काम अडलं असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ चा उल्लेख करा. त्या कायद्याखाली अधिसूचित सेवेला मुदत असते, पदनिर्देशित, म्हणजे त्या कामासाठी नेमून दिलेला, अधिकारी असतो, नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं आणि वर अपील करता येतं. पोच हातात आली की त्या ‘नाही’वर कुणाची तरी सही येते, आणि बऱ्याचदा धान्यही तिथूनच हलतं.