इंग्लंडमध्ये नवीन आहे. जानेवारीत तळ्यावर पाइक (गोड्या पाण्यातला दातेरी शिकारी मासा) गरवायचा आहे. पहिल्या दिवसासाठी काय तयारी लागेल?

एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा रॉड परवाना आणि त्या तळ्याचं दिवसाचं तिकीट, दोन्ही लागतं. तिकिटावरचे नियम वाचा. आमिषाबद्दल प्रत्येक तळ्याचं वेगळं असतं.

रॉड 3 पौंड टेस्ट कर्व्हचा (टेस्ट कर्व्ह म्हणजे रॉडच्या ताकदीचं माप), दोरी 15 पौंड ताण पेलणारी नायलॉनची. दोरीच्या टोकाला निदान 50 सेंटिमीटर तारेचा ट्रेस, म्हणजे गळ बांधायचा तारेचा तुकडा, हवाच. पाइकच्या दातांपुढे नायलॉन टिकत नाही, आणि तुटलं की गळ माशाच्या घशात राहतात. ट्रेसवर 6 नंबरचे दोन तीनतोंडी गळ लावा आणि त्यांच्या टोकांजवळचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाका.

आमिष म्हणजे मेलेला समुद्री मासा. इथला मॅकरेल हा आपल्या बांगड्याचाच भाऊबंद. अर्धा कापलेला चांगला, तेल पाण्यात पसरतं. सार्डिन मऊ असतं, त्यामुळे गोठलेलंच फेका, नाहीतर हवेतच सुटून जातं. वरचा गळ शेपटीच्या मुळाशी, खालचा कुशीत. डोकं खाली लोंबलं पाहिजे.

जागेवर सगळ्यात जास्त डोकं लावा. थंडीत छोटे मासे एका कोपऱ्यात दाटतात आणि पाइक त्यांच्या आसपास असतो. पाणकावळे कुठे बुड्या मारतात ते बघा. उतार जिथे खोल पाण्यात शिरतो तिथे आमिष तळाला टेकवा. तासाभरात काही हललं नाही तर जागा बदला. एकाच खुर्चीवर दिवस काढणं मला तरी पटत नाही.

तरंगा सरकू लागला किंवा आडवा पडला की ढील गुंडाळा, वजन जाणवताच रॉड उचला. ‘नीट गिळू दे’ असा सल्ला जुने लोक देतात, तो ऐकू नका. त्यानेच गळ पोटात जातो आणि मासा मरतो.

खरी कसोटी गळ काढताना लागते. मोठं जाळं, जाड मॅट, 10–12 इंची फोर्सेप्स (लांब चिमटा) आणि तार कापायची पक्कड नसेल तर त्या दिवशी गरवूच नका. मॅट ओली करून मासा त्यावर उताणा ठेवा. कल्ल्याच्या झाकणाखालून बोटं जबड्याच्या हाडाला लागून हनुवटीकडे सरकवा. लाल कल्ल्यांना हात लागता कामा नये. हनुवटी उचलली की तोंड आपोआप उघडतं. गळ खोल असेल तर कल्ल्याच्या फटीतून फोर्सेप्स घाला. तरीही निघेना, तर गळच कापा. पहिल्या वेळी जाणकार सोबत असलेला बरा. हे वाचून हाताला येत नाही.

कडाक्याच्या थंडीत फोटो एकच, तोही चटकन. नंतर मासा परत सोडताना पाण्यात सरळ धरून ठेवा, तो स्वतः निघून जाईपर्यंत. रॉडच्या कड्यांत बर्फ साचला तर टोक पाण्यात बुडवा, ठोकू नका.