सासूबाईंचं बालपण कोणत्याच दप्तरात नाही

प्रश्न : ताई, मी साताऱ्याची, नवरा इंग्लिश. मुलीला शाळेसाठी वंशवृक्ष करायचाय. माझ्या माहेरचा छापील कुलवृत्तान्त आहे, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आजोबांची सहीसुद्धा आहे. नवऱ्याची बाजू मात्र सासूबाईंपाशी थांबते. त्या ८६ वर्षांच्या, सफोकमध्ये लॅव्हनमजवळच्या खेड्यात वाढलेल्या. विचारलं की म्हणतात, सांगण्यासारखं काही नाही. नवरा म्हणतो, आम्ही शेतमजूर, आमचा कसला इतिहास! कुठून सुरुवात करू?

उत्तर : आधी नवऱ्याचा गैरसमज दूर करा. कुलवृत्तान्त आपल्याकडे कोणाचे निघतात आणि कोणाचे निघत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. इंग्लंडमध्ये शेतमजुराचा माग काढणं त्या मानानं सोपं आहे. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीनं, ठेवावी, असा हुकूम १५३८ साली निघाला. सगळ्या वह्या टिकल्या नाहीत, पण टिकल्या त्यांत जमीनदार आणि त्याचा गडी एकाच पानावर सापडतात. १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी आहे. १८४१ पासून दर दहा वर्षांच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव मिळतं. १८४१ मध्ये मोठ्या माणसांची वयं सर्रास पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलीत, तेव्हा पणजोबांचे पणजोबा अचानक चार वर्षांनी लहान दिसले तर घाबरू नका.

हे सगळं तुमची मुलगी पुढच्या वर्षीही शोधू शकेल. सासूबाईंचं तसं नाही. १९२१ ची जनगणना खुली आहे. १९३१ चे कागद १९४२ मध्ये आगीत जळाले, १९४१ ची जनगणना युद्धामुळे झालीच नाही आणि १९५१ ची शंभर वर्षांच्या नियमानं २०५२ साली उघडेल. मधे आहे फक्त ओळखपत्रांसाठी सप्टेंबर १९३९ मध्ये केलेलं रजिस्टर. त्यात सासूबाईंच्या आईवडिलांची ओळ सापडेल आणि तिच्याखाली बहुधा एक काळी पट्टी. शंभर वर्षं न झालेल्या हयात माणसांची नावं अशी झाकलेली असतात. म्हणजे त्या पट्टीखाली तुमच्या सासूबाई! त्यांच्या घरात कोण राहायचं, काय खायचं, कोण कोणाशी बोलत नव्हतं, हे कुठल्याच दप्तरात मिळणार नाही. म्हणून आधी त्या, मग शाळेचा तक्ता.

'तुमच्या बालपणाबद्दल सांगा ना' असं म्हटलं की त्या पिढीचं इंग्रज माणूस चहा करायला उठतं. त्यापेक्षा नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर जा. तिथे इंग्लंडचेही जुने पंचवीस इंची (एका मैलाला पंचवीस इंच) नकाशे फुकट बघता येतात, इतके बारीक की घरं आणि विहिरीसुद्धा दिसतात. त्यांच्या गावाचा मोठा प्रिंट काढा, टेबलावर पसरा, हातात पेन्सिल द्या आणि नातीला शेजारी बसवा. पाणी कुठून आणायचात? (बऱ्याच खेड्यांत नळ आणि वीज १९५० च्या दशकापर्यंत पोचले नव्हते.) बागेच्या टोकाच्या संडासाकडे रात्री कंदील घेऊन सोबत कोण यायचं? डुक्कर पाळलं होतं का, मारल्यावर शेजाऱ्यांना काय जायचं? १९४४ मध्ये लॅव्हनमच्या धावपट्टीवरून अमेरिकन बॉम्बर उडत होते, तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. सैनिकांकडे च्युइंगम मागितलं असणारच. गोळ्या-चॉकलेटांवरचं रेशन फेब्रुवारी १९५३ मध्ये उठलं, तेव्हा पहिलं काय घेतलं? फोनवर रेकॉर्ड करायला त्यांची परवानगी घ्या. तासाभरानं थांबा, आणि चुकीचं वर्ष सांगितलं तर लगेच दुरुस्त करू नका.

शोधायला लागल्यावर एक गोष्ट खटकेल : कुटुंब एका गावात टिकत नाही. शेतमजुराचं घर पुष्कळदा मालकाचं असायचं. काम सुटलं की घरही सुटायचं, आणि संसार गाडीवर घालून पाच-सात मैलांवरच्या दुसऱ्या शेतावर. म्हणून आसपासच्या पॅरिशही बघा. १८४० च्या सुमाराचे टाइथ (चर्चला द्यायच्या दशमांश कराचे) नकाशे मिळाले तर शेतांची नावं आणि ती कोण कसत होतं, हेही कळतं. इप्सविचच्या 'द होल्ड' या जिल्हा अभिलेखागारात विचारा. तिथली माणसं अशा चौकशांना सरावलेली असतात.

आणखी एक, आणि हे महत्त्वाचं. एखाद्या जन्मदाखल्यात वडिलांचा रकाना कोरा निघेल, किंवा कोणीतरी वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांना काम करवून ठेवायच्या जागेत, मेलेलं निघेल. नवऱ्याला आणि मुलीला त्यात गंमत वाटेल, कारण त्यांच्या लेखी ती जुनी गोष्ट. सासूबाईंनी कदाचित तीच गोष्ट आयुष्यभर झाकली असेल. रविवारच्या जेवणाच्या टेबलावर ती बाहेर काढू नका. आधी एकटीनं, हळूच, 'हे तुम्हाला माहीत होतं का?' एवढंच विचारा. त्या नको म्हणाल्या तर शाळेच्या तक्त्यात तो चौकोन रिकामा राहू द्या. माहेरच्या बाजूलाही असे चौकोन असतातच, फक्त कुलवृत्तान्त छापणाऱ्यांनी ते आधीच गाळलेले असतात.

गावी जरूर जा, पण त्यांना घेऊन. मजुरांच्या थडग्यांवर अनेकदा दगडच नसतो, त्यामुळे चर्चच्या आवारात नाव सापडलं नाही तर मुलीला सांगा की दफनाच्या वहीत बघू. युद्धस्मारकावरची आडनावं मात्र वाचा. ज्या घरात सासूबाई वाढल्या ते आता एखाद्या लंडनवाल्याचं महागडं सुट्टीघर असू शकतं. दार ठोठावू नका, आधी पत्र टाका. लोक बरेचदा आनंदानं आत बोलावतात. चर्च उघडं असेल का, ते चर्चवॉर्डनला (चर्चची देखभाल बघणाऱ्याला) विचारून ठेवा. आणि पबला फोन करून स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं तेही विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी दुपारी दोननंतर जेवण मिळत नाही.