साउंड होरायझन हा जपानी बँड ऐकायचा आहे, सुरुवात कुठून करू?

'रोमान' (२००६) या अल्बमपासून करा, आणि पहिल्यांदा तरी गाण्यांचा क्रम अजिबात बदलू नका.

साउंड होरायझन म्हणजे मुख्यतः रेव्हो. २००१ पासून गीत, संगीत, संयोजन त्याचंच. त्याचे अल्बम म्हणजे गाण्यांतून सांगितलेल्या कथाच; गायक आणि निवेदक मात्र कथेप्रमाणे बदलतात. गाण्याच्या मध्येच संवाद येतात, घोड्यांच्या टापा, दार उघडल्याचा आवाज, मग एकदम हेवी गिटार आणि कोरस.

'रोमान'मध्ये एका सैनिकाची गोष्ट आहे. लढाईत त्याचा हात जातो, पण नसलेला हात रात्री ठणकत राहतो. सूड घ्यायला तो शत्रूला शोधत निघतो. तो सापडतो दारूच्या गुत्त्यात, तोही एका हाताचा, एका डोळ्याचा. सैनिक काही करण्याआधीच कुणी तिसराच तरुण त्या शत्रूला भोसकतो. दोघा सैनिकांचं नावही एकच, लोरां! मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाणं संपल्यावर कितीतरी वेळ नुसता बसून होतो.

जपानी येत नसेल तर भाषांतर समोर ठेवाच. गीतपुस्तिकेत छापलेला शब्द एक आणि गायलेला दुसरा, हा रेव्होचा लाडका खेळ आहे. लिहिलेलं असतं 'कथा', गातात 'रोमान'. नुसतं ऐकून हे हाती लागत नाही.

पुढे 'मोइरा' (२००८, ग्रीक पार्श्वभूमी), मग 'मेर्शेन' (२०१०, ग्रिमच्या परीकथांमधल्या स्त्रियांचे सूड). 'अटॅक ऑन टायटन' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचं पहिलं शीर्षकगीत आवडलं असेल, तर तोही रेव्होच, फक्त लिंक्ड होरायझन या नावाने.