इंचातलं माप मीटरमध्ये: पडद्याचं कापड किती घ्यावं?

प्रश्न: दार ८४ इंच उंच, ६० इंच रुंद. नाशिकच्या मेन रोडवर कापड मीटरवर मिळतं. किती सांगू?

उत्तर: इंचांना ०.०२५४ ने गुणा, मीटर मिळतात. हा आकडा अंदाजे नाही, १९५९ पासून १ इंच म्हणजे नेमके २५.४ मिमी. उलट जायचं तर मीटरला ३९.३७ ने गुणा.

वरची पट्टी आणि खालची दुमड मिळून १२ इंच धरा. ८४ + १२ = ९६ इंच, म्हणजे २.४४ मीटर. चुण्यांसाठी रुंदीच्या दुप्पट, १२० इंच. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४८ इंचाचा असेल तर अडीच, म्हणून तीन पाट (शेजारी जोडायचे उभे तुकडे). एकूण ७.३२ मीटर, साडेसात घ्या. सुती कापड आटतं, त्याला आणखी अर्धा मीटर जास्त घ्याच.

घोळ होतो तो वार आणि मीटरमध्ये. वार ३६ इंचांचा. साडेसात वार घेतलं तर २७० इंचच भरतं, लागतात २८८. तोंडी हिशेबाला ४० ने भागणं सोपं, पण इथे तीन पाटांत साडेअकरा सेंटिमीटर कमी पडतील. आणि ५ फूट ६ इंच म्हणजे ५.६ फूट नव्हे, साडेपाच! आधी सगळे इंच करा, मगच गुणा.