‘बोलणारे वास्तुशास्त्र’ की ‘बोलकी वास्तुकला’?

प्रश्न : क्लोद-निकोला लदू या फ्रेंच वास्तुरचनाकारावरच्या लेखाचा मराठी अनुवाद करते आहे. त्यात ‘आर्शितेक्त्यूर पार्लांत’ ही संज्ञा वारंवार येते. ‘बोलणारे वास्तुशास्त्र’ म्हटले तर चालेल का? त्याच लेखातल्या ‘सालीन’ला मिठागर म्हणावे का? आणि ‘फेर्मिए जेनेरो’ ही शेतकऱ्यांची संघटना होती का?

तुमच्या संज्ञेसाठी मी ‘बोलकी वास्तुकला’ असे सुचवेन. ‘वास्तुशास्त्र’ टाळाच. हा शब्द वाचला की आजच्या वाचकाच्या मनात ईशान्य कोपरा आणि दाराची दिशा येते, आणि अठराव्या शतकातला फ्रान्स तिथेच हातचा जातो.

‘पार्लांत’ हे ‘पार्ले’ म्हणजे बोलणे या क्रियापदाचे धातुसाधित, तेव्हा व्याकरणाने ‘बोलणारी’ चुकीचे नाही. पण मराठीत पोपट बोलणारा असतो आणि डोळे बोलके असतात. तोंड न उघडता जे आपले मन सांगते ते बोलके: बोलका चेहरा, बोलके चित्र, बोलके उदाहरण. लदूला इमारतीकडून हेच हवे होते. आत कोण राहते, काय काम चालते, हे पाटी न वाचता बाहेरूनच कळावे.

त्याने कल्पिलेल्या ‘शो’ या आदर्श नगराची चित्रे पाहा. पिंपे बनवणाऱ्या कारागिरांची कर्मशाळा पिंपाच्या कड्यांसारखी एकात एक वर्तुळांची. लू नदीवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांचे घर म्हणजे आडवे ठेवलेले प्रचंड पोकळ नळकांडे, आणि नदी त्या पोकळीतूनच वाहत खाली कोसळते. ही घरे कागदावरच राहिली. पण ही ओढ त्याला पहिल्यापासून होती. १७३६ साली शांपान्य प्रांतातल्या दोर्मां गावी जन्मलेला हा साध्या घरचा मुलगा शिष्यवृत्तीवर पॅरिसला शिकला, ब्लोंदेलच्या शाळेत वास्तुकलेचे धडे घेतले, आणि १७६२मध्ये सैनिकी अधिकाऱ्यांच्या एका कॅफेची सजावट करून नावारूपाला आला. तिथले भिंतीतले खांब त्याने भाल्यांच्या जुड्यांचे केले होते आणि वर तुरेदार शिरस्त्राणे बसवली होती. गिऱ्हाईक कोण, हे भिंतीच सांगत होत्या.

आता ‘सालीन’. इथे ‘मिठागर’ शब्द मोहात पाडतो, कारण तो आपला आहे आणि सुंदर आहे. पण मिठागर म्हटले की आपल्याला उरणची नाहीतर वडाळ्याची खाचरे दिसतात, समुद्राचे पाणी आत घेऊन उन्हावर मीठ पिकवलेले दिसते. लदूने १७७५ ते १७७९ या काळात आर्क-ए-सनां इथे बांधलेल्या वास्तूत ऊन नाही, समुद्रही नाही. सालां गावच्या खारट झऱ्यांचे पाणी लाकडी नळांतून सुमारे २१ किलोमीटर वाहत येई आणि मोठमोठ्या कढयांत आटवले जाई. सालांभोवतीचे जळण पुरेसे उरले नव्हते म्हणून कारखानाच शोच्या जंगलाजवळ नेला. लाकूड वाहून आणण्यापेक्षा पाणी वाहून आणणे सोपे. म्हणून ‘राजाचा मिठाचा कारखाना’ असेच लिहा.

या कारखान्यावर अनुवादात चार ओळी जास्त खर्च करा, कारण ‘बोलकी’ म्हणजे काय ते दगडात पाहायला मिळते ते इथे. मांडणी अर्धवर्तुळाकार, मधोमध संचालकाचे घर. त्याच्या खांबांत एक ठोकळा गोल, एक चौकोनी अशी आलटून पालटून रास, त्यामुळे सावल्या खोल पडतात आणि घराचा दरारा वाढतो. प्रवेशद्वारी जाडजूड डोरिक (जुन्या ग्रीक घाटाचे, साधे) खांब आणि त्यांच्यामागे ओबडधोबड खडकांची गुहा. भिंतींवर आडवे कलंडलेले कलश कोरले आहेत आणि त्यांतून घट्ट खारे पाणी ओघळताना थिजले आहे. ग्रीक-रोमन वळणाचे खांब तर त्या काळी सगळेच नवअभिजात वास्तुरचनाकार वापरत. कारखान्याच्या भिंतीला तिथल्या कढईतले पाणी सांगायला लावणारा मात्र लदूच. मला स्वतःला त्याच्या साऱ्या कामात हे ओघळ सर्वांत प्रिय आहेत.

‘फेर्मिए जेनेरो’ शेतकरी नव्हेत. ‘फेर्म’चा इथला अर्थ मक्ता. राजाला ठरलेली रक्कम देऊन मीठ, तंबाखू, पॅरिसमध्ये येणारा माल यांवरचे कर वसूल करणारे हे बडे मक्तेदार. उत्तर पेशवाईत दुसऱ्या बाजीरावाने मामलती मक्त्याने दिल्या, तो व्यवहार आठवला तर हाच शब्द आपोआप सुचेल. करचुकवेगिरी थांबवायला या मक्तेदारांनी १७८४पासून पॅरिसभोवती सुमारे २४ किलोमीटरची भिंत घालायला घेतली, आणि तिच्यावरची पन्नासेक ‘बारिएर’ लदूने रचली. त्यांना ‘जकात नाके’ म्हणा, याहून चपखल शब्द मिळणार नाही. नाके कसले, देवळांसारखे भारदस्त दगडी मंडप! सत्तेचा भार त्यांतून इतका स्पष्ट बोलत होता की लोकांनी ओळ रचली : ‘ल म्यूर म्यूरां पारी रां पारी म्यूर्म्यूरां’, पॅरिसला कोंडणारी भिंत पॅरिसला कुरकुरायला लावते. जुलै १७८९मध्ये बास्तीय (बॅस्टिलचा तुरुंग) पडण्याआधीच यांतले कितीतरी नाके जाळले गेले. आज व्हिलेतची गोल इमारत धरून चारच ठिकाणचे उरले आहेत.

फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत राजाचा आणि मक्तेदारांचा माणूस म्हणून लदू १७९३च्या अखेरीस तुरुंगात गेला आणि १७९५मध्ये सुटला. पुढे बांधकाम जवळजवळ थांबले. १८०४ साली त्याने आपली चित्रे आणि विचार ग्रंथरूपाने छापले, १८०६मध्ये तो वारला.

लेखात एक गोष्ट जरूर स्पष्ट करा. ‘आर्शितेक्त्यूर पार्लांत’ हा शब्द लदूचा नाही. तो त्याच्या कामाला १८५२ साली एका लेखात लावला गेला, आणि तोही नापसंतीने. फ्रेंचमध्ये ‘आर्म पार्लांत’ हा प्रयोग आधीपासून होता. घराण्याच्या किंवा राज्याच्या नावावरूनच चित्र काढलेली कुलचिन्हे, जसे स्पेनमधल्या लेओन राज्याचा सिंह, कास्तीयचा किल्ला. इमारतीलाही ‘पार्लांत’ म्हणण्यात त्यामुळे ‘ही वास्तुकला कसली, हे तर चित्रकोडे’ असा सूर ऐकू येतो. विसाव्या शतकात एमिल काउफमान या इतिहासकाराने लदूला पुन्हा उजेडात आणले आणि शब्दातली नापसंती ओसरत गेली.

‘बोलकी’त ती नापसंती मुळीच नाही, उलट कौतुक आहे. म्हणून १८५२चा संदर्भ जिथे येतो तिथे टीकाकारांच्या मनातले ‘बोलघेवडी’ असे एकदा लिहा आणि बाकी सर्वत्र ‘बोलकी’ ठेवा. पहिल्या वेळी शेजारी मूळ फ्रेंच संज्ञा देवनागरीत द्या. लदूचा समकालीन वास्तुरचनाकार बुले याने न्यूटनसाठी कल्पिलेल्या अजस्र गोलाकार स्मारकाचा उल्लेख पुढे येणार असेल, तर त्यालाही हाच शब्द बिनदिक्कत लावता येईल.