परभणीत राहून लँडस्केप फोटोग्राफीच्या स्पर्धेत फोटो पाठवण्यात अर्थ आहे का?

जरूर पाठवा. तुम्ही म्हणता, ‘आमच्याकडं ना समुद्र, ना बर्फ, ना सह्याद्रीसारखे कडे, मग परीक्षक बघणार काय?’ मला तर यातच तुमची जमेची बाजू दिसते. सलोन पद्धतीच्या, म्हणजे विभागवार फोटो मागवून प्रत्येकाला गुण देणाऱ्या स्पर्धांत साधारण तीन परीक्षक बसतात. फोटो पडद्यावर काही सेकंद राहतो, प्रत्येकजण गुण देतो आणि पुढचा फोटो येतो. लडाखचं पँगाँग सरोवर त्यांनी इतक्यांदा पाहिलेलं असतं की नजर थांबतच नाही. आपलं काळं रान मात्र त्यांच्यापुढं क्वचितच येतं.

म्हणून दौलताबादच्या चांदमिनारमागचा तुम्ही काढलेला सूर्यास्ताचा फोटो छान असला तरी मी तो पाठवणार नाही. अजिंठ्याच्या व्ह्यू पॉइंटवरून दिसणारं वाघूर नदीचं नालाकार वळणही नाही. तिथं येणारा प्रत्येक पर्यटक तोच फोटो काढतो. तुम्ही इथले आहात याचा फायदा घ्या. उन्हाळ्यात नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाचं पाणी ओसरलं की काठाच्या गाळपेर जमिनी उघड्या पडतात. भेगाळलेला गाळ, मध्येच पिकाचा हिरवा पट्टा आणि पार लांब पाण्याची रेघ. नळदुर्गात बोरी नदीला पाणी आलं की किल्ल्यातल्या पाणीमहालावरून नर-मादी धबधबे पडतात. ते दिवस मोजकेच असतात आणि सुट्टी काढून लांबून येणाऱ्याला ते साधतीलच असं नाही. आणि एवढंही लांब जायला नको. पहिला पाऊस झाल्यावर तुमच्याच शिवारात जा.

काळ्या मातीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण चांगले फोटो इथंच वाया जातात. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतो. फ्रेममध्ये ओली नांगरट जास्त असली की तो तिला उजळवायला जातो. माती राखेसारखी होते आणि ढग पांढरे फटक पडतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) उणे एकच्या आसपास न्या, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या कडेला चिकटत नाही ना ते बघा आणि फोटो रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच काढा. घरी आल्यावर सावल्या उजळायच्या त्याही बेतानं. काळी माती काळीच दिसली पाहिजे. सूर्य खाली असताना उजेड बाजूनं येतो, तेव्हा नांगराच्या तासांत (चरांत) सावली भरते आणि ओल्या ढेकळांच्या कडा चमकतात. त्या वेळी उभं न राहता गुडघ्यावर बसा आणि तासांच्या रेषा फ्रेमच्या कोपऱ्यातून आत जाऊ द्या. दुपारी बाराला हेच वावर सपाट दिसतं.

आता विभाग. हे पुष्कळांना माहीत नसतं. फियाप (छायाचित्रकलेचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) यांच्या नियमांनी चालणाऱ्या स्पर्धांत ‘नेचर’ विभागाची व्याख्या कडक आहे: लागवडीची पिकं चालत नाहीत, माणसानं उभारलेल्या गोष्टी बहुतेक चालत नाहीत. म्हणजे ज्वारीचं रान कितीही देखणं असलं तरी तिथं बाद. ते ओपन, म्हणजे विषयाचं बंधन नसलेल्या विभागात, कलर किंवा मोनोक्रोममध्ये (कृष्णधवल) पाठवा. नांगरट मोनोक्रोममध्ये फार उठून दिसते.

एडिटिंगमध्ये क्रॉप, रंग, कॉन्ट्रास्ट एवढं बहुतेक ठिकाणी चालतं. आभाळ बदलू नका. २०१२ साली ब्रिटनच्या ‘लँडस्केप फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत पहिला आलेला फोटो नंतर बाद झाला, कारण त्यात नियमाबाहेर फेरफार होते. ढगसुद्धा दुसरीकडचे होते. अंतिम फेरीत मूळ रॉ फाइल मागतात, तेव्हा मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला फोटो कधीच पाठवू नका, त्याचा आकारही घटतो आणि आतली माहितीही जाते. वॉटरमार्क, बॉर्डर नको. फोटो स्क्रीनवर शंभर टक्के मोठा करून आभाळात सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके तपासा. आपल्याकडच्या फुफाट्यात लेन्स बदलली की ते येतातच.

सगळ्यात आधी मात्र हक्कांची अट वाचा. ‘स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी, छायाचित्रकाराच्या नावासह वापरू’ असं असेल तर ठीक. ‘आलेल्या सर्व फोटोंचे सर्व हक्क आयोजकांकडे’ असं असेल तर बक्षीस कितीही मोठं असो, पाठवू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोवरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, तो एका प्रवेशिकेसाठी देऊन टाकायची गरज नाही. हरलेल्या फोटोंचेही हक्क मागणाऱ्या स्पर्धेचा हेतू मला पटत नाही. पैसे भरले की प्रत्येकाला ‘पुरस्कार’ देणाऱ्यांपासूनही लांब राहा.

सुरुवातीला फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफीची मान्यता असलेलं एखादं सलोन निवडा. पहिल्या वेळी ओपन मोनोक्रोम हा एकच विभाग पुरे, आणि त्यात जितके चालतात तितके सगळे नांगरटीचे न पाठवता एक नांगरटीचा, एक गाळपेराचा असे वेगवेगळे पाठवा. निकालात प्रत्येक फोटोचे गुण कळवत असतील तर ते लिहून ठेवा. हक्कांच्या अटीची भाषा कळली नाही तर तो परिच्छेद खाली टाका, वाचून सांगतो.