डॅफी डक तलवार घेऊन हीरो बनतो ते जुनं कार्टून कोणतं? त्याचा शेवट नेमका काय आहे?

ते ‘द स्कार्लेट पंपरनिकल’. वॉर्नर ब्रदर्सचं, 1950 सालचं, दिग्दर्शक चक जोन्स. सगळी चेष्टा चालली आहे ती हॉलिवूडचा नट एरॉल फ्लिन याच्या छापाच्या तलवारबाजीच्या सिनेमांची.

डॅफीला विनोदी भूमिकांचा वीट आलेला असतो. म्हणून तो स्वतःच लिहिलेली जाडजूड पटकथा घेऊन स्टुडिओच्या साहेबांना, जे.एल. यांना, गळ घालतो. हे जे.एल. म्हणजे खुद्द जॅक वॉर्नर, मालकाचीच टिंगल! डॅफी पटकथा वाचत जातो, आपल्याला चित्रपट दिसत जातो. पॉर्की डुक्कर करारी चेंबरलेन, म्हणजे दरबारातला बडा अधिकारी, सिल्वेस्टर बोका ग्रँड ड्यूक, म्हणजे बडा सरदार, आणि नायिका मेलिसा. तिचं लग्न ड्यूकशी लावायचा घाट घातलेला असतो.

माझा आवडता क्षण म्हणजे हीरो रुबाबात खिडकीतून घोड्यावर उडी टाकतो आणि थेट जमिनीवर आपटतो. वर म्हणतो काय, एरॉल फ्लिनचं असं कधी होत नाही!

शेवट तर धमालच. ऐन द्वंद्वयुद्धात जे.एल. विचारतात, पुढे काय? डॅफीकडे पुढचं काही तयारच नसतं. मग तो सुचेल ते रेटतो: वादळ येतं, धरण फुटतं, घोडदळ धावतं, ज्वालामुखी उसळतो, एवढंच काय, खाण्याच्या जिनसांचे भावही गगनाला भिडतात. तरी साहेबांचं समाधान नाही. मग नायक स्वतःला गोळी घालून घेतो. डॅफी ते साहेबांसमोर करूनही दाखवतो आणि पडल्यापडल्या कुरकुरतो, की हल्ली इथे गोष्ट खपवायला जीवच द्यावा लागतो.